बावीस नंबरचा शेवटचा स्टॉप

माझ्या काकांच्या शेजारी बसून प्रवास करणं ही एक शिक्षा आहे. स्टिअरिंगवर ते स्वतः असले तर तुमच्या हातातल्या पेल्यातलं पाणीसुद्धा डचमळायचं नाही. पण दुसऱ्याच्या गाडीत बसवलं की त्यांचा उजवा पाय गप्प बसत नाही. सिग्नल दिसला, पाय खाली. वळण आलं, पाय खाली. समोरून सायकल आली तर पाय असा दाबतात की गाडीच्या पत्र्याला पोचा येईल. एकदा एका टॅक्सीवाल्यानं न राहवून विचारलं, "आजोबा, ब्रेक तुमच्याकडे आहे की माझ्याकडे?" काका शांतपणे म्हणाले, "सध्या तरी दोघांकडेही दिसत नाही."

काका बस चालवायचे. स्टेशन ते जलाशय, बावीस नंबर. नोकरीला लागले तेव्हा ही लाइन त्यांच्या वाट्याला आली आणि निवृत्त झाले तेव्हाच सुटली. मधल्या काळात बसचा रंग बदलला, चढायचा दरवाजा मागचा पुढे आला, कंडक्टरच्या हातातल्या कागदी तिकिटांच्या जागी मशीन आलं, पण बावीस नंबर आणि काका ही जोडी फुटली नाही. डेपोत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. "बावीस आले का?" "बावीसला चहा सांग रे." घरीसुद्धा काकू चिडली की भिंतीकडे बघून म्हणायची, "आमच्या बावीस नंबरला कळेल तर शपथ!"

मी त्यांची पुतणी. दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते, लोकांना वेळा देते, आणि आतून कुणी ओरडलं तर बाहेरच्यांकडे बघून गोड हसते. घरात कुणाला फोनवर काही शोधायचं असलं की सगळ्यांना माझीच आठवण होते. तेव्हा काका-काकूंच्या सहलीची भानगड माझ्या गळ्यात येणार हे आधीच ठरलेलं होतं.

सहल ही मुळात काकूची कल्पना. काकू लॉन्ड्रीत काउंटरवर असते. कपडे घ्यायचे, डाग बघायचे, बिल्ला लावायचा आणि मुख्य म्हणजे खिसे तपासायचे. मशीनमध्ये एक पेन गेलं तर सगळ्या शर्टांची वाट लागते, म्हणून मालकांनी हे काम दुसऱ्या कुणावर कधी सोपवलं नाही. काकू प्रत्येक खिसा उलटा करून काउंटरवर झटकते, जे निघेल ते गिऱ्हाइकासमोर मांडते आणि विचारते, "ठेवायचं की टाकायचं?" हे ती इतक्या वेळा म्हणाली आहे की घरी पानात वांग्याची फोड उरली तरी तोंडातून तेच निघतं.

तिचा खरा जीव सुट्टीवरून आलेल्या लोकांच्या खिशांत. त्यातून वाळू निघते, शंख निघतात, अर्धी फाडलेली तिकिटं निघतात, कुठल्याशा बागेतलं वाळकं पान निघतं. लोक घाईत असतात. "टाका हो ते," म्हणून पावती घेऊन चालू लागतात. काकूला ते टाकवत नाही. तिनं बिस्किटांचा एक डबा केलाय. लहानपणी मी तासन्‌तास त्या डब्याशी खेळले आहे. त्यात एक निळा प्लास्टिकचा बिल्ला आहे, त्यावर होडी. एक ट्रामचं तिकीट, त्यावरची अक्षरं वेलींसारखी एकमेकांत गुंतलेली. आणि एक जाड पुठ्ठ्याचं तिकीट, त्यावर डोंगर चढणारा छोटासा डबा. काकूनं त्यांना नावंसुद्धा दिली होती: होडीचं शहर, ट्रामचं शहर, डोंगरगाडीचं शहर.

काका निवृत्त झाले त्या आठवड्यात तिनं तो डबा जेवणाच्या टेबलावर उपडा केला. "लग्न झाल्यापासून तुमच्या सगळ्या सुट्ट्या डेपोच्या घशात गेल्या," ती म्हणाली. "आता मला इथे न्या."

मी फोनवर शोधाशोध केली. तिन्ही शहरं आपल्याच आशियात निघाली. नकाशावर एकमेकांपासून करंगळीभर अंतरावर, म्हणजे खरं तर समुद्र आणि डोंगर ओलांडून. त्यांची खरी नावं मी वाचून दाखवली, पण त्यातलं एक म्हणताना काकूला ठसका लागला आणि मग घरात डब्यातलीच नावं टिकली.

ठरलं ते असं. पहिल्या शहरात विमानानं उतरायचं, शेवटच्या शहरातून विमानानं परत यायचं, आणि मधला आठवडाभर तिथली माणसं जातात तसं जायचं. बस, ट्राम, आगगाडी, होडी. टॅक्सी नाही, झेंडा धरून पुढे चालणारा गाइड नाही. यावर दोघांचं पटकन एकमत झालं, हेच आश्चर्य. काकूला घोळक्यात फिरायचं नव्हतं, आणि काकांना टॅक्सीवाल्यांच्या पायांवर विश्वास नव्हता.

"आणि एक सांगते," काकू म्हणाली. खुंटीवरची काकांची पँट काढून तिनं दोन्ही खिसे बाहेर ओढले. एक रुमाल, एक खोकल्याची गोळी. "लग्नापासून मी हे खिसे बघतेय. रुमाल आणि खोकल्याची गोळी. जगाच्या खिशातून समुद्र निघतो. मला एकदा आपल्या खिशातून काहीतरी निघालेलं बघायचंय. बाकी काही नको."

काका म्हणाले, "ते माझ्याकडे लागलं. आखणी मी करतो."

मी विमानाची तिकिटं काढली, काकूनं मालकांकडे सुट्टी मागितली, ती मिळालीसुद्धा, आणि काका आखणीला बसले.

पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना फोनवर एक गोष्ट दाखवली आणि तिथून पुढे चार दिवस माझा फोन माझा राहिला नाही. ट्रामच्या शहरातल्या सगळ्या बसगाड्या आणि ट्राम आत्ता या क्षणी कुठे आहेत ते त्या नकाशावर दिसतं. बारीक रंगीत ठिपके, रस्त्यांवरून सरकणारे. काकांनी चष्मा लावला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"हे आत्ता चाललंय?"

"आत्ता."

"म्हणजे ह्या ठिपक्यात माणूस आहे?"

"माणसं आहेत काका. बसभर."

"तसं नाही गं. पुढे. पुढे एक माणूस बसलेला आहे ना?"

मी म्हटलं, असणारच. काकांनी फोन दोन्ही हातांत असा धरला होता की जणू सांडेल. एक हिरवा ठिपका एका चौकात थांबला, थांबूनच राहिला. काका पुढे वाकले. "पुढे काहीतरी खोदलंय," ते पुटपुटले. "अडकला बिचारा. हॉर्न नको वाजवूस, हॉर्न वाजवून काही होत नाही." ठिपका हलला तसा त्यांनी श्वास सोडला. मी हसणार होते, पण त्यांच्याकडे बघितलं आणि हसू आलंच नाही. काकांचे डोळे भरून आले होते.

"मला इतकी वर्षं वाटायचं," ते म्हणाले, "सकाळची पहिली गाडी आपण काढतो. अंधारात डेपोतून निघताना वाटायचं, अख्खं जग झोपलंय आणि मी एकटा जागा आहे. आणि हे बघ. आपण चावी फिरवायच्या आधी ह्यांच्या दोन-दोन फेऱ्या झालेल्या असायच्या."

ते मग रोज बघत बसायचे. सकाळी चहा घेताना ट्राम, दुपारी होड्या. होड्यांचे ठिपके पाण्यावरून ये-जा करताना दिसले की ते नुसते माझ्या दंडाला हात लावायचे आणि स्क्रीनकडे बोट दाखवायचे. कुठलीतरी दूरची माणसं, ज्यांची भाषा कळत नाही आणि नावं उच्चारता येत नाहीत, ती रोज न चुकता अनोळखी लोकांना घरी पोचवतात, याचं त्यांना जे वाटत होतं ते बघून मलाही वाटायला लागलं. एवढं मोठं काहीतरी रात्रंदिवस चाललेलं असतं आणि मी मात्र बस उशिरा आली म्हणून नाक मुरडते.

शुक्रवारी त्यांनी आखणी टेबलावर पसरली. जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी करून एकाला एक चिकटवलेली होती, टेबलाच्या दोन्ही कडांवरून खाली लोंबत होती. प्रत्येक गाडीला वेगळ्या रंगाची रेघ. निळी होडी किनाऱ्याला लागते तिथे पिवळी बस उभी, पिवळी बस स्टेशनात शिरते तिथे लाल आगगाडी निघायच्या बेतात. कुठे धावपळ नाही, कुठे ताटकळणं नाही. एखादी गाडी चुकलीच, तर दुसरी कुठे भेटेल त्याची बारीक तुटक रेघ. विमानतळावरून निघालेली ती रेघ समुद्र ओलांडून, डोंगर चढून, पुन्हा उतरून दुसऱ्या विमानतळापर्यंत कुठेही न तुटता गेली होती. माझ्या अंगावर काटा आला. हे काम बावीस नंबर सोडून आयुष्यात दुसऱ्या कुठल्या लाइनवर न गेलेल्या माणसानं केलं होतं.

काकूनं चष्मा लावला आणि रेघेवर बोट ठेवलं. बोट सावकाश डावीकडून उजवीकडे सरकत गेलं. मग थांबलं.

"हे होडीचं शहर ना? इथे आपण होडीनं पोचलो."

"पोचलो," काका म्हणाले.

"मग?"

"मग दहा मिनिटं विश्रांती. मग परतीची होडी."

बोट पुढे गेलं. "आणि ट्रामच्या शहरात?"

"ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ट्राम. अख्खी लाइन बघायची, एक स्टॉप सोडायचा नाही. मग दहा मिनिटं. मग परत."

"डोंगरावर?"

"वर दहा मिनिटं."

काकूनं चष्मा काढला. "अहो, आपण उतरायचं कधी?"

"उतरतोच की," काका म्हणाले. "दहा मिनिटं."

मला हसू फुटलं. पण काकूचा चेहरा बघितला आणि ते घशातच राहिलं.

"पोचलं की माणसं उतरतात," काकू म्हणाली. "उतरून कुठेतरी जातात."

"कुठे?" काकांनी विचारलं.

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. शेवटच्या स्टॉपवर गाडी लागली की टायर बघायचे, कंट्रोलरच्या केबिनमध्ये सही करायची, दोन घोट चहा घ्यायचा आणि परत वर चढायचं. त्यांच्या सगळ्या नोकरीत 'पोचणं' याचा अर्थ एवढाच होता. मागच्या दरवाजानं उतरलेली माणसं पुढे काय करतात हा प्रश्न बावीस नंबरच्या लाइनवर कधी आलाच नव्हता.

काकूनं निळा बिल्ला, ट्रामचं तिकीट, पुठ्ठ्याचं तिकीट एकेक करून डब्यात टाकलं आणि झाकण लावलं.

"तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "तुमच्या गाड्यांबरोबर. मी येत नाही. सोमवारी मालकांना सांगते सुट्टी नको म्हणून." आणि ती पिशवी घेऊन कामावर गेली. आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं. तिनं दारसुद्धा हलक्या हातानं ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या दवाखान्यात आले आणि पेशंटच्या रांगेत जाऊन बसले. शेजारच्या बाईंनी "दाढ का?" म्हणून कळवळून विचारलं, तर काकांनी मानही हलवली. मी त्यांना बाजूला घेतलं.

"ती खरंच येणार नाही का गं?"

"खरंच."

"मग मीही जात नाही. एकट्यानं काय जायचं." बराच वेळ ते हातातली टोपी फिरवत राहिले. "मला ते आखता येत नाही पोरी. तिला पाहिजे ते. गाडी थांबल्यावरचं. मी खूप बसलो कागद घेऊन. होडी किनाऱ्याला लागते आणि माझं डोकंच बंद पडतं. रेघ कुठे न्यायची तेच कळत नाही."

टेबलावर बसून रोज बढाया ऐकते मी. इतकं सरळ बोललेलं फार दिवसांत ऐकलं नव्हतं. संध्याकाळी लॉन्ड्रीत जाऊन मी काकूला शब्दन्‌शब्द सांगितलं. ती चादरीची घडी घालत होती. घडी अर्धी राहिली.

"असं म्हणाले? कळत नाही म्हणाले?"

"हो."

"ह्यांनी 'कळत नाही' म्हटलेलं मी तर ऐकलेलं नाही बाई." तिनं चादर पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घालायला घेतली. मग एकदम म्हणाली, "डेपोत नवा ड्रायव्हर आला की त्याला लाइन दाखवतात ना? कशी दाखवतात गं?"

हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. नव्या माणसाला कुणी लगेच स्टिअरिंग देत नाही. आधी त्यानं जुन्या माणसाबरोबर नुसतं बसून जायचं. हात मांडीवर. कशाला हात लावायचा नाही, मधे बोलायचं नाही. लाइन डोळ्यांत उतरली की मग गाडी. काकांनी अशा कितीतरी जणांना लाइन दाखवली होती, आणि त्यात जो मधे बोलेल त्याला ते पुढच्या स्टॉपवर उतरवायचे.

"मग उद्या रविवार आहे," काकू म्हणाली. "ह्यांना मी लाइन दाखवते. तूही चल, मला साक्षीदार लागेल."

रविवारी सकाळी आम्ही तिघं स्टेशनवर बावीस नंबरच्या रांगेत उभे राहिलो. काका कावरेबावरे झाले होते. बस आली, आणि ड्रायव्हर म्हणून नेमका काकांनीच तयार केलेला एक जण निघाला. तो खिडकीतून अर्धा बाहेर आला. "बावीसकाका! या, या, पुढे बसा!"

"पुढे नाही," काकू म्हणाली. "आज ते शिकाऊ आहेत."

तिनं काकांना मागच्या भागात नेलं, जिथून समोरची काच दिसत नाही. खिडकीशी बसवलं. स्वतः शेजारी बसली, आणि आपला डावा पाय चपलेसकट त्यांच्या उजव्या पायावर ठेवला.

"हात मांडीवर. पाय इथेच. नजर बाहेर. मधे बोलायचं नाही."

गाडी सुटली. पहिल्या सिग्नलला काकूची चप्पल हलली. दुसऱ्या सिग्नलला पुन्हा हलली. काका ओठांतल्या ओठांत गिअर मोजत होते. व्यायामशाळेजवळचा खड्डा यायच्या आधीच त्यांनी पुढची दांडी धरली आणि मग खड्डा आला. पण खिडकीतून बाहेर बघायचं म्हटल्यावर माणूस किती वेळ नुसता सिग्नलच बघणार? बाजाराच्या वळणावर ते एकदम ताठ झाले.

"ही गल्ली आत कुठे जाते?"

"मधे बोलायचं नाही," काकू म्हणाली. मग म्हणाली, "फुलांच्या दुकानांकडे."

पुढे एका इमारतीच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत एक म्हातारे गृहस्थ सतारीवर वाकून काहीतरी बसवत होते. भिंतीभर वाद्यं टांगलेली. बस तिथे जेमतेम दोन श्वास थांबली. काकांनी मान मागे वळवून वळवून बघितलं. "हे कधी झालं?"

"आपल्या लग्नाच्या आधीपासून आहे."

रुग्णालयाची मागची बाग गेली, गच्चीवर पतंगासारख्या फडफडणाऱ्या चादरी गेल्या, शाळेच्या भिंतीवर मुलांनी काढलेली भलीमोठी मासोळी गेली. काकांच्या तोंडाचा आ वासला होता. रोज जिथून गेले त्या रस्त्याला दोन बाजू होत्या, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पूल ओलांडला आणि मी खाली बघितलं. काकूनं आपला पाय केव्हाच काढून घेतला होता. काकांचा पाय मात्र तिथेच होता, गप्प.

शेवटचा स्टॉप आला. सगळे उतरले. पिशव्या घेतलेली कुटुंबं, हातात हात घातलेली एक जोडी, छत्रीची काठी केलेले एक आजोबा, सगळे कंट्रोलरच्या केबिनवरून डावीकडे वळले आणि बांधाच्या दगडी पायऱ्या चढायला लागले. काका उतरले. त्यांनी मागच्या टायरवर तळहातानं थाप मारली. मग केबिनकडे वळले, आणि सही करायची नाही हे आठवून मधेच थांबले.

काकू लोकांच्या मागून चालू लागली होती.

"अगं, दहा मिनिटांत सुटेल!" काका ओरडले.

ती थांबली नाही.

"कुठे चाललीस?"

तिनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. पायऱ्या चढत राहिली आणि वर जाऊन दिसेनाशी झाली. काकांनी बसकडे बघितलं, पायऱ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मग ते निघाले, आधी सावकाश, मग दोन-दोन पायऱ्या एकदम. मी धापा टाकत मागून.

वर पाणी होतं.

मी ते शाळेच्या सहलीत बघितलेलं आहे, मैत्रिणींबरोबर बघितलेलं आहे, कंटाळा येईपर्यंत बघितलेलं आहे. पण त्या दिवशी मी काकांना ते बघताना बघितलं. समोरच्या डोंगरांपर्यंत नुसतं पाणी, आणि डोंगरांच्याही मागे वळून गेलेलं. वाऱ्यानं त्यावर आठ्या पडत होत्या आणि जात होत्या. मधे एका बेटावर पांढऱ्या पक्ष्यांचा थवा उतरला, तसं ते सगळं बेटच पांढरं झालं. खाली उतारावर माणसं बसलेली होती, मुलं पाण्यात पाय सोडून किंचाळत होती.

काकांनी टोपी काढली. कुणासमोर काढतात तशी.

"हे इथे आहे होय?" ते म्हणाले.

"पाटीवर काय लिहिलेलं असायचं?" काकूनं विचारलं. आवाज अगदी मऊ होता.

"जलाशय. पाटी मीच फिरवायचो गं, हातानं." मग ते लहान मुलासारखे म्हणाले, "मला वाटायचं टाकी असेल. पाण्याची."

मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. काकूनं माझ्याकडे दुर्लक्ष केलं.

"मी एकदा आले होते," ती म्हणाली. "लग्न झालं त्या वर्षी. तुमच्याच गाडीतून. वर येऊन एकटीनं बघितलं आणि तुमच्याच गाडीतून परत गेले. रात्री तुम्ही विचारलंत, बसायला जागा मिळाली होती का."

काका पाण्याकडे बघत होते. मग उतारावरच्या माणसांकडे बघायला लागले, एकेकाकडे, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत.

"ही सगळी बावीसनं येतात?"

"नाहीतर कशानं?"

"म्हणजे मी..." त्यांनी टोपी धरलेल्या हातानं सगळा उतार दाखवला. "एवढ्या लोकांना मी इथे आणलं?"

"तुम्हीच आणलंत," काकू म्हणाली. "फक्त तुम्हीच आला नाहीत."

खालून हॉर्न वाजला. दोनदा, आखूड. काकांसाठी ड्रायव्हरनं गाडी थोपवून धरली होती. मी काकांकडे बघितलं. सुटायची वेळ झालेली गाडी त्यांनी उभ्या जन्मात थांबवून ठेवलेली नाही. काकूही बघत होती. ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

काकांनी मागे वळून बघितलं नाही. उजवा हात बाजूला लांब केला आणि मागून पुढे, मागून पुढे, सावकाश हलवला. खिडकीतून हात काढून मागच्या गाडीला करतात तसा. पुढे जा, रस्ता मोकळा आहे.

बावीस नंबर आमच्याशिवाय सुटली. तिचा आवाज पुलापर्यंत ऐकू येत होता. काकांनी पँटचे पाय दुमडले आणि ते काकूचा हात धरून पाण्याकडे उतरायला लागले.

नव्या आखणीला त्यांनी खोडरबर घेतलं. जुन्या रेघा निम्म्याहून जास्त गेल्या. होडी किनाऱ्याला लागते तिथून पुढे कागद चक्क कोरा होता, आणि कोऱ्या जागेत पेन्सिलीनं एकच शब्द होता: उतरणे. "इथे काय करणार?" मी मुद्दाम विचारलं. "काय माहीत!" काका म्हणाले, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी पुढचा टोमणा गिळून टाकला. सोमवारी काकू मालकांकडे गेली, पण सुट्टी आणखी दोन दिवस वाढवून मागायला.

ते जाऊन आले. तिथे काय काय झालं ते दोघं एकाच वेळी सांगतात, त्यामुळे मला अजून नीट कळलेलं नाही.

एवढं मात्र मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. परत आल्यावर काकू कामावर रुजू झाली त्या संध्याकाळी मी माझे पडदे घेऊन लॉन्ड्रीत गेले होते. रांगेत माझ्या पुढे काका. हातात प्रवासातल्या कपड्यांचं गाठोडं. काकूनं त्यांच्याकडे बघितलं, गाठोडं सोडलं, आणि इतर कुणाही गिऱ्हाइकाची घेतात तशी त्यांची पँट उचलली. उजवा खिसा उलटा केला. काउंटरवर वाळू सांडली. वाळूपाठोपाठ एक शिंपला, होडीची दोन तिकिटं एकमेकांना चिकटलेली, एका झाडाची लाल बी, आणि कसलंसं बाटलीचं झाकण. डाव्या खिशातून आणखी वाळू. आणि सगळ्यात शेवटी मागच्या खिशातून आखणीचा कागद, घड्यांवर विरलेला.

काकू त्या पसाऱ्याकडे बघत राहिली. मागे लोक खोळंबले होते.

"काय साहेब," तिनं विचारलं, "ठेवायचं की टाकायचं?"

काकांनी काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि नीट विचार केला.

"ठेवा," ते म्हणाले. "सगळं ठेवा. आणि तो कागद माझ्याकडे द्या. पुढच्या वेळी लागेल."

काकूनं कागद दिला. वाळू तळहातानं गोळा केली, एक कण खाली पडू दिला नाही. मग मान वर करून तिनं "पुढे कोण आहे?" असं विचारलं, पण तिचा आवाज काही नीट फुटेना, म्हणून मीच पडदे घेऊन पुढे झाले.